सगळ्यांच्या फोल्डरमधला फोटो

घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी मिळून एकच फोल्डर होता. मुलांचे फोटो, विम्याचे कागद, असं काहीबाही त्यात पडलेलं असे. एका सकाळी थोरल्या सुनेला त्यात एक अनोळखी फोटो दिसला. लालसर, ओली कातडी आणि तिच्यावर ताणलेली लाळेची तार.

"भावजी, हे घाणेरडे चाळे तुमचेच ना?" तिने दिराला विचारलं.

"शपथ, वहिनी, मी नाही. फोल्डर सताड उघडा आहे, वायफायवरून कुणीही शिरत असेल. पासवर्ड घाला."

तिने वायफायचा पासवर्ड बदलला. फोल्डरमधून स्वतःखेरीज सगळ्यांची परवानगी काढून टाकली. फोटो पुसला, हात साबणाने चोळचोळून धुतले, तरी किळस काही जाईना.

जेवून उठली तर फोल्डरमध्ये दुसरा फोटो आलेला. या वेळी जिभेवरचा पांढरा थर आणि त्यावर अर्धवट चावलेला घास.

दिराने तिच्यादेखत राउटरची वायरच उपटली.

तरी तिसरा आला. नाक मुरडत तिने तो मोठा केला. दातांची रांग होती, पण मागच्या बाजूने, आतून दिसणारी. दातांपलीकडे उजेड होता, आणि त्या उजेडात दीर उभा होता, हातात उपटलेली वायर घेऊन.

"काय झालं, वहिनी? अहो, बोला ना."

तिने तोंड गच्च मिटून घेतलं.

फोल्डरमध्ये चौथा फोटो आला. तो पूर्ण काळा होता.