पट्टीकाकांची रेघ

विमान पडल्याला नऊ दिवस झाले होते आणि पट्टीकाका चौकशी समितीपुढे ताठ बसून होते. हवाई तळावर एकतीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. केसाएवढी चूक दिसली तरी अख्खा कागद फाडून पुन्हा मोजपट्टी घेऊन बसायचे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला आठवतही नसे.

"तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं," अध्यक्ष म्हणाले. माणूस भला, पण नजर काही टेबलावरून उचलेना. "वैमानिक तुमचा मुलगा. नकाशाबद्दल तुमच्या हाताखालचा कुणी सांगेल."

"हाताखालचा कशाला? रेघ माझी आहे साहेब. मीच सांगणार."

नकाशा समोरच टांगलेला होता. डोंगररांगेवरून लाल रेघ, अलीकडे आपण आणि पलीकडे शेजारी देश. त्याची प्रत प्रत्येक वैमानिक मांडीला बांधून न्यायचा. गस्त म्हणजे रेघेपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. शेजारी म्हणत होते, विमान पावणेदोन मैल आत घुसलं म्हणून पाडलं. आपलं सरकार म्हणत होतं, साफ खोटं. रोज निषेधाची पत्रं जात होती, तितकीच येत होती. विमानाचे तुकडे डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेले. त्यांच्यावरून कोण काय ठरवणार?

"त्या दिवशी खाली ढग दाटले होते," समितीतला तरुण अधिकारी म्हणाला. "नकाशाशिवाय दुसरा आधार नव्हता. आणि खरं सांगायचं तर, आपल्यातलेही काही जण कुजबुजताहेत. फाजील धाडस केलं म्हणे."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण म्हणतं? समोर आणा त्याला! अहो, पावणेदोन मैल सोडा, पाव मैल चुकायचा नाही तो. रेघेवर बोट ठेवून वाचायला शिकवलंय मी त्याला." त्यांनी पाणी मागितलं.

त्या सकाळचा तो त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. घड्याळात सात वाजून गेलेले आणि हा आपला चहा फुंकत बसलाय. "अरे ऊठ, उशीर होईल." "अजून दहा मिनिटं आहेत बाबा." आणि गेला, तो गेलाच.

"हा नकाशा कधीचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेल्या महिन्यातला. नवे प्रमुख आले, त्यांना सगळ्या प्रती नव्यानं हव्या होत्या. शेजाऱ्यांबरोबरच्या बैठकीत जुळवून बघायच्या होत्या."

"आणि जुन्या?"

"जाळल्या. नियमच आहे तसा."

एकतीस वर्षांत एकच लबाडी केली होती काकांनी. मुलगा वैमानिक झाला त्याच आठवड्यात लाल रेघ गुपचूप दोन मैल अलीकडे ओढली होती. पोरं तरुण, रक्त गरम. जरा पुढे गेलीच तरी आपल्याच आकाशात राहतील, एवढाच हिशेब. अकरा वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. नव्या प्रमुखांनी मोजणी तपासायची म्हटल्यावर मात्र त्यांची पाचावर धारण बसली. दोन दिवस रजा काढल्यासारखं दार लावून बसले आणि रेघ मुकाट्यानं खऱ्या हद्दीवर नेऊन ठेवली.

बरं झालं सुचलं, ते आता मनाशी म्हणाले. नाहीतर आज ही लबाडी पोराच्या नावावर चिकटली असती.

"नकाशा बिनचूक आहे," असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

"काका, या सहीनं त्याचं नाव स्वच्छ राहील," अध्यक्ष म्हणाले. या वेळी त्यांनी नजर उचलली.

घरी आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा, म्हणजे खरे सहा वीस झाले होते. सूनबाई त्याचा गणवेश मांडीवर घेऊन बसली होती. इस्त्रीचाच होता, तरी पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

"झालं का बाबा?"

"झालं. बट्टा लागणार नाही त्याच्यावर."

ती बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हे चुकले नाहीत, नकाशा चुकला नाही. मग असं झालंच कसं? मला काही सुचेनासं झालंय."

तिच्या मनातली शंका कायमची जावी, म्हणून काकांनी आजवर कुणालाही न सांगितलेलं सांगितलं. अकरा वर्षांची लबाडी, आणि गेल्या महिन्यात केलेली दुरुस्ती. "आता कुणीही मोजून बघू दे पोरी. रेघ बरोबर हद्दीवर आहे."

सूनबाईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"गेल्या महिन्यात बदललीत? आणि कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलणार? आधीचंच कुणाला ठाऊक नव्हतं."

"सगळ्यांना ठाऊक होतं बाबा," ती म्हणाली. "स्वच्छ दिवशी खालची नदी दिसते ना, तिच्यावरून खरी हद्द कळते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलायचं नाही. नवी पोरं आली की हे स्वतःच हसून सांगायचे, बाबांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आणि बाबांची रेघ दोन मैल अलीकडे. रेघ आली म्हणून घाबरू नका, सावकाश वळा, अजून दोन मैल आहेत."