आज काटा पडला नाही

दुपार टळली तरी भिंतीवरचा वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. थोरलीने विणायचं यंत्र थांबवलं, चष्मा वर सरकवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

गल्लीच्या टोकाच्या भट्टीघरातून घराघरात वाफ येई. दोघा भावांच्या वाटणीत घराचे वर-खाली दोन भाग झाले, चमचेसुद्धा वाटले गेले, पण वाफेचा पाइप एकच राहिला. खाली धाकटी जाऊ इस्त्रीला बसली की वरचा काटा धपकन पडे, थोरलीचं यंत्र धापा टाकू लागे आणि टाके गळत. त्यावरून दोघींत जे बोलणं झालं, त्यानंतर बोलणंच उरलं नाही. जास्तीची वाफ सोडायला प्रत्येक छपरावर एक शिट्टी असे. शेजाऱ्यांच्या शिट्ट्या अधूनमधून वाजत, प्रत्येकीचा सूर वेगळा. यांची कधी वाजलीच नव्हती. उरायला वाफ होती कुठे? शिट्टीच्या तोंडावर चिमण्यांचं एक जुनं, रिकामं घरटं तेवढं होतं.

थोरलीचा लेक उद्या वाफेच्या फुग्यावर कोळसा घालायच्या नोकरीवर चालला होता. वर ढगांत बोटं गोठतात. तिथली वाफ फुग्यालाच पुरत नाही, माणसांना ऊब कुठून मिळणार? म्हणून ती त्याच्यासाठी लोकरीचा जाड सदरा विणत होती. एक टाका गळला तरी तिथून वारा शिरेल, या धास्तीने तिने तो परवा पुन्हा पुन्हा उसवला होता. आज मात्र यंत्र सकाळपासून सुरळीत चाललं होतं. एक बाही तेवढी राहिली होती.

आधी तिला बरं वाटलं. मग संशय आला, धाकटीचा काहीतरी डाव असणार. आणि मग वाटलं, आजारी तर नसेल?

"काटा पडला तरी तुझी कुरकुर, नाही पडला तरी कुरकुर," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

काटाच अडकला असेल म्हणून तिने काचेवर टिचकी मारली. यंत्राची चावी पूर्ण बंद करून पाहिली. काटा आणखी वर चढला. म्हणजे तो शाबूत होता. चावी तशीच सोडून ती जिना उतरू लागली.

जिन्यातच तिला विस्तवाचा वास आला. घरोघरी वाफ आल्यापासून या गल्लीत कुणी शेगडी पेटवली नव्हती. दार न वाजवताच ती आत शिरली.

धाकटी घामाने निथळत होती. गालाला काजळी, पुढ्यात शेगडी, हातात सासूबाईंची कोळशाची इस्त्री, शेजारी हॉटेलच्या चादरींचा ढीग. सवयीने हात जाऊ नये म्हणून तिने वाफेच्या चावीला फडकं बांधून ठेवलं होतं.

"अगं, हे काय चालवलंयस?"

धाकटीने मान वर केली नाही. "झाला का ढब्बूचा सदरा?"

त्याला ढब्बू म्हणणारी ती एकटीच होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? यंत्र ऐकू येतं की खाली. परवा किती वेळा उसवलंत, ताई. तेव्हा इस्त्री माझीच चालू होती."

थोरलीला जुनं भांडण शब्दन् शब्द पाठ होतं, पण आत्ता उपयोगी पडेल असं त्यात काही सापडेना. तिला रडू येत होतं. ती खाली बसली, पुठ्ठा उचलला आणि शेगडीला वारा घालू लागली. बाही राहिलीये, होईल, एवढंच कसंबसं म्हणाली.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. मग घोगरा आवाज, आणि मग एक लांबलचक, स्वच्छ सूर. खिडकीसमोरून वाळक्या काड्या भुरभुरत खाली आल्या. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन वर बघू लागल्या.

"ही कुणाची हो?" धाकटीने विचारलं. "हा सूर कधी ऐकला नाही."

थोरलीचा हात थांबला. तिने फडकं बांधलेल्या चावीकडे पाहिलं. वरची चावीही बंदच होती.

"आपली," ती म्हणाली.