पोह्यांवरची कोथिंबीर

भाग्यश्रीची बाळंतपणाची रजा संपत आली. नाश्त्याला तिने विचारलं, "आई, बाळाला तुम्ही सांभाळाल, की पाळणाघर बघू?"

म्हटलं, "आम्हाला नव्हतं हो असलं काही. तुझ्या नवऱ्याला सव्वा महिन्याचा मंडईत नेला. गाळ्याखाली कोथिंबिरीच्या पाटीत निजवायचे. गिऱ्हाईक असलं की रडला तरी उचलत नव्हते. काही बिघडलं का त्याचं?"

समोर माझा लेक विश्वजीत पोह्यांतली कोथिंबीर वेचून बशीच्या कडेला लावत होता. त्या वासाने त्याला मळमळतं, अगदी लहानपणापासून. मी नखरे समजून बोलत आले.

त्याची बशी मी उचलली, बिनकोथिंबिरीचे पोहे वाढले आणि सुनेला म्हटलं, "पाळणाघर कशाला? मी काय मेलेय?"