पुढून येणारा आवाज

“आला?” चिंतामणांनी इंजिन बंद न करताच विचारलं.

“आला,” त्यांची मुलगी स्वानंदी म्हणाली.

खड्ड्यात पुढचं चाक उतरलं की एकदा आणि ब्रेक दाबला की एकदा. टक्. रविवारच्या दुपारी कुपवाडचा रस्ता रिकामा होता, त्यामुळे तो आवाज लांबूनही ऐकू यायचा. चिंतामणांनी मोटारसायकल बाळासोच्या वर्कशॉपच्या शेडसमोर उभी केली, पुढचा ब्रेक आवळून धरला आणि गाडी मागेपुढे ढकलून पाहिली. टक्.

गाडी बाहत्तर सालची. शिराळ्याजवळच्या एका गोठ्यातून टेंपोत घालून आणली तेव्हा ती नुसता गंजलेला सांगाडा होती. दोन वर्षं खपून चिंतामणांनी ती उभी केली. इंजिन पहिल्या किकला धरत होतं. तेवढा हा आवाज जात नव्हता. त्यांनी हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या बदलल्या, मडगार्डचे नट आवळले, हेडलाइट काढून गाडी चालवून पाहिली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्यांमधलं तेल दोनदा बदललं. फोर्कच्या आतले बुश, त्या धातूच्या कड्या, तेवढ्या त्यांनी पुन्हा उघडल्या नाहीत. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या झिजल्या होत्या, म्हणून डावीचा बुश वेगळा आणि उजवीचा वेगळा, असे त्यांनी स्वतः लेथवर काढले होते. अडतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला आपल्या बुशवर शंका येत नव्हती. मग शंका उरली ती आपल्या कानावर आणि हातावर.

बुशवर त्यांनी डाव्या-उजव्याची खूण केली नव्हती. ते कधीच करत नसत. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, डावीकडचं सामान डावीकडे मांडायचं, उजवीकडचं उजवीकडे. बाळासो म्हणायचा, पंचाने एक ठिपका मारायला काय जातं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, खूण विसरभोळ्याने करावी.

फोर्क जोडायच्या दिवशी ते चहा आणायला गेले होते. स्वानंदी साताऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल, दर रविवारी सांगलीला यायची. छापलेला कागद समोर आला की तो वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. बुशच्या खाली एक लेख अर्धा झाकला होता. तिने बुश उचलून बाजूला ठेवले, लेख वाचला, डाव्याचा बुश डावीकडे आणि उजव्याचा उजवीकडे असे परत मांडले. पण ती बसली होती पेपरच्या पलीकडच्या बाजूला. तिचं डावं ते त्यांचं उजवं. जोडताना उजवीकडचा बुश जरा घट्ट गेला, तेव्हा नवा आहे, बसेल हळूहळू, एवढंच चिंतामण म्हणाले.

पहिल्यांदा टक् झालं तेव्हाच तिला कळलं होतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या रविवारी तिला लाज वाटली. दुसऱ्या रविवारी, पहिल्या रविवारी न सांगितल्याची लाज वाटली. आणि आजचा तिसरा.

चिंतामण शेडच्या पायरीवर बसून चिंधीने बोटं पुसत राहिले. स्वानंदीची आई गेल्यापासून चार वर्षं ती त्यांना साताऱ्याला चला म्हणत होती. हात चालतोय तोवर सांगली सोडायची नाही, हे त्यांचं पालुपद. आज त्यांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, “हात गेला गं माझा. पुढच्या महिन्यात येतो तुझ्याकडे. ही गाडी कुणी घेतली तर बघू.”

बरं, म्हणाली ती. परतीच्या एसटीत कराड यायच्या आतच तिने मनातल्या मनात त्यांची खोली लावून टाकली. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं, तेसुद्धा ठरवून झालं.

मंगळवारी सकाळी चिंतामण त्याच पायरीवर बसले ते पुन्हा उठले नाहीत.

चौदावा झाल्यावर बाळासोने तिला शेडवर बोलावून घेतलं. त्याने फोर्क उघडून पाहिले होते, बुशांची अदलाबदल करून ते परत बसवलेही होते. तिच्यादेखत तो गाडीवर बसला, खड्ड्यातून नेली, ब्रेक मारला, वळवून परत आणली. कसलाही आवाज झाला नाही. शेडमधली चार माणसं हातातलं काम टाकून दारात उभी होती.

“डाव्याचा बुश उजव्यात घातला हुता गड्यानं,” बाळासो गाडीवरून उतरत म्हणाला. “आमची मापं चुकली की चारचौघांत लाज काढायचा. आन् शेवटाला सोताच चुकला.”

लेथवरचा कारागीर धुळा हसला. वाईट हसू नव्हतं ते. चिंतामणांकडून त्याने बारा वर्षं बोलणी खाल्ली होती. म्हातारपण कुणाला चुकलंय, असं काहीतरी तो म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. बाळासोने डोळ्यांना बाही लावली. वय झालं की हात जातोच, त्याला कोण काय करणार, असं तो आपलीच समजूत घातल्यासारखं बोलत होता.

माणसं परत कामाला वळली. आता स्वानंदी काही बोलली नसती तरी चाललं असतं. चिंतामणांची शेवटची गोष्ट म्हणून हीच शेडमध्ये राहिली असती.

“बाळासोकाका, त्यांचा हात गेला नव्हता,” ती म्हणाली. “बुश मी उलटे मांडले होते. ते चहा आणायला गेले होते तेव्हा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

धुळाने लेथ बंद केला. बाळासो तिच्याजवळ आला.

“मग त्येला सांगितलं का न्हाईस, पोरी?”

लाज वाटली, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं, आणि कुणी पुढे विचारलंही नसतं. स्वानंदीने गाडीच्या हँडलला हात लावला आणि काढून घेतला.

“हात गेला असं वाटल्याशिवाय ते माझ्याकडे राहायला आले नसते.”