चोर स्विच

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. जुनी गाडी ढिम्म. लायसन्स मिळून महिना झाला, पण तिच्या हातून एकदाही सुरू झाली नव्हती. संध्याकाळी नवरा बसला की मात्र पहिल्या झटक्यात सुरू! वर मिशीत हसून म्हणायचा, "गाडी मालकाला ओळखते."

आज तो कामावर गेल्यावर तिनं मेकॅनिकला बोलावलं. त्यानं सीटखालची मॅट उचलली.

"वहिनी, हा चोर स्विच बंद आहे. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवतात. वायर तर कोरी करकरीत दिसतेय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे रोज सकाळी हा बंद करूनच तो घराबाहेर पडत होता!

"काढून टाकू?"

"नको. दुसरीकडे बसवा," ती म्हणाली. "आणि जागा फक्त मला दाखवा."