वाकडी भोकं

"हात लावू नकोस, सोरेन. एवढ्याशा लाकडात चाकांच्या आसाची भोकं पाडायची म्हणजे पोरखेळ नाही. चिरेल ते," म्हणत ऑरिननं मुलाला ड्रिलपासून लांब बसवलं. तीस वर्षं लोकांची कपाटं करून देणाऱ्या ऑरिनचे दोन ठोकळे आधीच वाया गेले होते. तिसऱ्यातून वीतभर लांबीची गाडी कशीबशी उभी राहिली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये स्काउटच्या पोरांनी केलेल्या लाकडी गाड्यांची शर्यत झाली. सोरेनची गाडी उतारावरून कडेला घासत घासत आली, सगळ्यांत शेवटी.

परीक्षक मिसेस टॉफ्टनी तीच गाडी उलटी करून हॉलला दाखवली. "बाकीच्या गाड्या बापांनी केल्यात, मला काय कळत नाही होय! पण ही बघा. इतकी वाकडी भोकं पोराशिवाय कोण पाडणार? स्वतःच्या हातानं केलेल्या गाडीचं बक्षीस सोरेनला!"

हॉलभर हशा आणि टाळ्या.

"बाबा, पण भोकं तर तू..." सोरेन कुजबुजला.

ऑरिन जोरजोरात टाळ्या वाजवत राहिला.


तेवढा वेळ तरी त्याच्या हातांना हल्ली जडलेली थरथर कुणाला दिसत नव्हती.