सोन्याचा दिवस

"बंद आहे म्हणजे काय? ते काय दुकान आहे बंद असायला?" मुनेव्वर तेझेने आपला फोन नाझमियेच्या हातात कोंबला. वयाने ती सगळ्यांत मोठी, म्हणून गल्लीतल्या बायका तिला तेझे, मावशी म्हणत. "तुझ्या पोराला, इल्करला विचार. शिकलेला आहे ना तो?"

"त्यालाही तेच दिसतंय, तेझे," नाझमिये म्हणाली. 'सेवा तात्पुरती स्थगित.' सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर तेवढी एकच ओळ होती.

बायका नेहमीसारख्या भिंतीलगतच्या कोचांवर बसल्या होत्या. आज सोन्याच्या भिशीचा दिवस होता आणि पाळी नाझमियेची होती. पूर्वी प्रत्येक जणी ओढणीआड सोन्याचं चतकोर नाणं आणायची आणि जिच्या घरी बैठक असेल तिच्या ओंजळीत घालायची. गेल्या वर्षी पेरिहानने सगळं बदललं. तिचा जावई ओरकुन फोनवरच्या नाण्यांच्या कंपनीत होता. "लिराचं काही सांगू नका, सकाळी एक असतो, संध्याकाळी अर्धा," ती म्हणाली होती, "आणि सोनं कपाटात नुसतं झोपा काढतं. हे नाणं रात्रंदिवस कमावतं." तिने एकेकीच्या शेजारी बसून फोन लावून दिले. आपल्या बांगड्या सगळ्यांत आधी तिने विकल्या. नाझमियेने सुनेसाठी जपून ठेवलेल्या पाच बांगड्या तिच्यामागोमाग सराफाकडे गेल्या.

लग्न पुढच्या रविवारी होतं. मांडवात नवरीच्या अंगावर कोण काय सोनं घालतंय ते माईकवरून सांगतात. नवऱ्या मुलाची आई सुनेला पाच बांगड्या घालणार, हे व्याह्यांच्या घरी बोलून झालं होतं.

दार वाजलं. पेरिहान रडतच आत आली आणि तिने नाझमियेच्या गळ्यात हात टाकले. "बुडालो गं आपण सगळ्या. त्या ओरकुनचाही पत्ता नाही. मी कुठल्या तोंडाने येऊ, असं झालं होतं."

नाझमियेनेच तिची पाठ थोपटली. "तू काय करणार? तुझंही गेलंच ना."

"कोट काढ, इथे भट्टी झालीय," कुणीतरी म्हणालं.

"नको. कणकण आहे अंगात."

नाझमियेने चहा ओतला. पेरिहानने साखरेसाठी हात लांब केला आणि कोटाची बाही कोपराकडे सरकली. पिळाच्या बांगड्या एकमेकींवर आपटून वाजल्या. नव्या होत्या. तिने हात झटकन मागे घेतला, पण तोवर आवाज सगळ्या खोलीत पोचला होता.

"कधी घेतल्यास?" मुनेव्वर तेझेने विचारलं.

"जुन्याच आहेत."

"जुन्या तू विकल्यास तेव्हा सराफाच्या दुकानात तुझ्या शेजारी मी बसले होते. डोळे गेलेले नाहीत माझे."

पेरिहानने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. आता ती रडत नव्हती. "ओरकुनचा फोन आला होता मंगळवारी. म्हणाला, गुपचूप काढून घ्या. शपथ घातली मला. सगळ्यांना सांगितलं असतं तर सगळ्याच धावल्या असत्या. मग कुणालाच काही मिळालं नसतं. खोटं आहे का?"

आतून मांती, खिमा भरलेल्या इवल्या करंज्या, उकळल्याचा वास येत होता.

"सगळ्यांचं राहू दे," नाझमिये म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"नाझमिये..."

"बुधवारी तू इथे होतीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून ही मांती वळत होतीस. तेव्हा मी तुला विचारलं, पेरिहान, लग्न तोंडावर आलंय, काढून घेऊ का सगळं? आठवतंय?"

पेरिहान खाली गालिच्याकडे बघत राहिली.

"तू म्हणालीस, वेडी आहेस का, थांब, लग्नापर्यंत अजून वाढेल."

"माझे पैसे तेव्हा निघाले नव्हते गं," पेरिहान अगदी हळू म्हणाली. "निघायला तीन दिवस लागतात. शुक्रवारी आले हातात."

कोचाच्या टोकाला बसलेली एक बाई "या अल्ला" म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. नाझमियेला आठवलं, त्या बुधवारी पेरिहान नेहमीपेक्षा जास्त हसत होती. जाताना तिने नाझमियेच्या दोन्ही गालांवरचं पीठ आपल्या हाताने पुसलं होतं.

पेरिहानने मनगटातून दोन बांगड्या ओढून काढल्या. हात खरचटला. त्या तिने चहाच्या तबकाशेजारी ठेवल्या. "घे. सुनेच्या हातात घाल. उरलेल्यांचं बघू आपण."

"घे गं," मुनेव्वर तेझे पुटपुटली. "लग्न अडलंय तुझं. राग मागाहून कर."

नाझमियेने बांगड्यांकडे पाहिलं. तिचा हात पुढे झाला आणि बांगड्यांवरून जाऊन पेरिहानच्या चहाच्या ग्लासापाशी थांबला.

त्या गावात पाहुणीचं पोट भरेस्तोवर यजमानीण चहा ओततच राहते. पुरे झालं की पाहुणी आपल्या हाताने ग्लासावर चमचा आडवा ठेवते.

पेरिहानचा ग्लास अजून काठोकाठ भरलेला होता. नाझमियेने चमचा उचलला आणि त्या ग्लासावर आडवा ठेवला.